काही प्रमाणात तयार

नीला मेश्राम नेदरलँड्समधल्या वाखनिंगनच्या एका सल्लागार कंपनीत सहा वर्षं काम करत होती. कंपनीचं काम असं, की युरोपीय संघात येऊ पाहणाऱ्या देशांना अन्नसुरक्षेचे नियम शिकवायचे. नीला मूळची भंडाऱ्याची. दुधाच्या पदार्थांवर तिने पीएचडी केलेली, आणि पासपोर्ट अजून भारतीयच. म्हणजे जी स्वतः संघातली नव्हती, ती इतरांना संघात कसं यायचं ते सांगत होती. कंपनीत याचं कोणाला काही वाटत नसे. नीलाला सुरुवातीला वाटायचं, मग सवय झाली.

जूनमध्ये उत्तर मॅसिडोनियाहून सहा अधिकारी आठवडाभराच्या प्रशिक्षणाला आले. प्रकल्पाचं नाव 'प्रिपेअर प्लस'. त्याआधी नुसतं 'प्रिपेअर' होऊन गेलं होतं आणि त्याच्याही आधी 'रेडी'. उलट क्रमाने नावं ठेवल्यासारखं वाटे, पण हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, किंवा आलं असलं तरी कोणी बोललं नव्हतं.

प्रकल्पाचा प्रमुख विब्रेन. उत्तरेकडच्या फ्रीसलंड प्रांताचा, साडेसहा फूट उंच, रोज अकरा किलोमीटर सायकल मारत येणारा आणि कोणावर कधी आवाज न चढवणारा माणूस. कंपनीत सगळे एकमेकांना नावाने हाक मारत, साहेब कोणीच नव्हतं. फक्त निर्णय तेवढे त्याचे असत. 'मी स्पष्टच बोलतो' असं विब्रेन म्हणाला, की पुढचं वाक्य हमखास गोलगोल असे.

सोमवारी सकाळी नीला चीजच्या कारखान्यांच्या स्वच्छतेवरच्या स्लाइड दाखवत होती. पहिल्या रांगेत एक पन्नाशी ओलांडलेली बाई बसली होती, आखूड पांढरे केस, गळ्यात चष्म्याची दोरी. तिने हात वर केला.

"हे परिशिष्ट जुनं आहे," ती इंग्रजीत शांतपणे म्हणाली. "गेल्या वर्षी दुरुस्ती झाली. तिसऱ्या ओळीतला आकडा बदललाय."

नीलाने तिथेच लॅपटॉपवर तपासलं. बाईचं बरोबर होतं. मागे बसलेल्या विब्रेनने आनंदाने मान डोलावली आणि वहीत 'सहभाग उत्तम' असं लिहिलं.

जेवणाच्या सुट्टीत नीला तिच्या शेजारी जाऊन बसली. जेवण म्हणजे पावाचे गार तुकडे, त्यावर चीजची चकती आणि पेलाभर ताक. बाईचं नाव स्नेझाना. ती पशुवैद्यक, आपल्या देशाच्या अन्न खात्यात तीस वर्षं.

"तुम्हाला आकडेसुद्धा पाठ आहेत," नीला म्हणाली.

"ही नियमावली दोन हजार चारची. आम्ही संघात यायचा अर्ज केला तोही दोन हजार चारला. दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर जन्मली." स्नेझानाने पावावरचं चीज उचलून वास घेतला आणि परत ठेवलं. "नियमावली चांगली वाढली. दरवर्षी जाड होते."

"आणि अर्ज?"

"ग्रीस म्हणालं, तुमच्या देशाचं नाव आम्हाला पसंत नाही. आम्ही देशाचं नाव बदललं. नोटा, पाट्या, माझ्या कचेरीचे शिक्के, सगळं. मग फ्रान्स म्हणालं, तुम्ही ठीक आहात, पण संघात घेण्याची पद्धतच आधी बदलायला हवी. ती बदलेपर्यंत थांबलो. मग बल्गेरिया म्हणालं, तुमची भाषा म्हणजे आमचीच भाषा, आणि तुमच्या घटनेत आमच्या लोकांचा उल्लेख हवा. आता त्यावर चाललंय." तिने खांदे उडवले. "मी तरुण होते तेव्हा मंत्री सांगायचे, चार-पाच वर्षांत आत. आता तेही सांगत नाहीत. पण प्रशिक्षणाला पाठवतात."

नीलाला हसू आलं, आणि मग आलं नाही.

"पुण्यात मी भाड्याने घर शोधत होते," ती म्हणाली. "मालकाने आडनाव विचारलं. सांगितलं. तो म्हणाला, आम्ही शाकाहारी लोकांनाच देतो. मी म्हटलं, घरात अंडंसुद्धा आणणार नाही. मग म्हणाला, एकट्या मुलीला देत नाही, फॅमिली हवी. मी म्हटलं, आईला बोलावून घेते. त्याने दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी म्हणाला, पुतण्या यायचाय राहायला."

"पुतण्या आला?"

"चार महिने खिडक्या बंदच होत्या. मी रोज तिथून जायचे."

स्नेझानाने तिच्याकडे नीट पाहिलं. "मग तुला हे शिकवायला ठेवलंय ते योग्यच आहे," ती म्हणाली. त्या दिवसापासून ती नीलाला डॉक्टर न म्हणता नुसतं नीला म्हणू लागली.

बुधवारी सगळ्यांना खाउडाजवळच्या, म्हणजे गौडा चीजच्या गावाजवळच्या, एका चीज बनवणाऱ्या शेतकऱ्याकडे नेलं. आदर्श उद्योग कसा असतो ते बघायला. शेतकऱ्याचं नाव खेरित. तीन पिढ्यांचा गोठा, कच्च्या दुधाचं चीज, आणि तळघरात जुन्या लाकडी फळ्यांवर मांडलेल्या चाकांसारख्या पिवळ्याधमक चकत्यांची रांग. फळ्या त्याच्या आजोबांच्या काळातल्या. एका फळीवर मांजर झोपलं होतं. खेरितने त्याला हळूच उचलून दाराबाहेर ठेवलं आणि सफरीला सुरुवात केली. मांजर दुसऱ्या दाराने परत आलं.

विब्रेन खूश होता. "बघा," तो म्हणाला, "परंपरा आणि स्वच्छता एकत्र नांदू शकतात." मग त्याने दोन किलो चीज विकत घेतलं.

स्नेझानाने पिशवीतून कंपनीचा तपासणी-तक्ता काढला, बेचाळीस मुद्द्यांचा, जो विब्रेननेच त्यांच्या देशासाठी तयार केला होता, आणि तळघरात फिरत एकेक खूण करत गेली. नीला तिच्यामागे होती.

"हे कशासाठी?"

"सवय." ती एका फळीवरून बोट फिरवत म्हणाली. "आमच्याकडे माव्रोवोच्या डोंगरात मेंढपाळ उन्हाळाभर वर राहतात. तिथेच दूध, तिथेच चीज. कश्कवाल म्हणतात. तेही अशाच फळ्यांवर पिकतं. चार वर्षांपूर्वी तुमच्या कंपनीचा तज्ज्ञ आला आणि त्याने लिहिलं, लाकूड चालणार नाही, सगळं स्टीलचं करा."

"पण लाकडाला सूट आहे. पारंपरिक पदार्थांसाठी—"

"आहे. मीच त्याला कलम काढून दाखवलं. तो म्हणाला, सूट सदस्य देश आपल्या उद्योगांना देतात. तुम्ही सदस्य नाही. तुम्ही आधी पूर्ण नियम पाळून दाखवा, आत या, मग सूट घ्या." तिने पुढची खूण केली. "लोकांनी स्टील बसवलं. स्टीलवर कश्कवालला घाम सुटतो, सालीखाली सडतं. मेंढपाळांच्या तेवीस वाड्यांपैकी एकोणीस बंद पडले. त्यातला एक माझ्या भावाचा, रिस्तोचा."

"आता काय करतो तो?"

"इथेच आहे. व्हेन्लोला, गोदामात, खोकी भरतो."

"इथे? मग कामाचा परवाना?"

"त्याने बल्गेरियाचा पासपोर्ट काढला. आपले पूर्वज बल्गेरियन होते असं लिहून द्यायचं, थोडं थांबायचं, की मिळतो. आमच्या गावातले निम्मे लोक असेच गेले." स्नेझाना पहिल्यांदाच हसली. "आमचा देश युरोपात यायचाय. माणसं केव्हाच आली."

त्या संध्याकाळी नीलाने घरी नवऱ्याला, राजानंदला, हे सगळं सांगितलं. राजानंद आयटीत होता, आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करायचा, आणि आता कांदा चिरत होता.

"तू यात पडू नकोस," तो म्हणाला. "आपला इथल्या नागरिकत्वाचा अर्ज आत गेलाय. परीक्षा झाली, कागद झाले. आता वर्षभर गुपचूप चांगलं वागायचं."

"मी कुठे वाईट वागतेय?"

"तुझा चेहरा तसा झालाय, म्हणून म्हटलं."

गुरुवारी सरावाचा दिवस होता. प्रत्येक पाहुण्याने आपल्या माहितीतल्या एका चीजघराचा तक्ता, नाव न लिहिता, भरून द्यायचा. विब्रेन तो पडद्यावर दाखवून सगळ्यांसमोर परीक्षण करणार. हेगहून मंत्रालयाच्या एक बाईही पाहायला आल्या होत्या. तक्ते कॅमेऱ्याखाली ठेवायचं काम नीलाचं.

चौथा तक्ता हातात घेतल्याबरोबर तिने अक्षर ओळखलं. पेन्सिलच्या खुणा, कोपऱ्यात पिवळ्या मेणाचा डाग. खाली लिहिलं होतं: प्राण्याचा वावर, एक, वारंवार. तो कागद गठ्ठ्याच्या तळाला सरकवून वेळ संपेपर्यंत थांबणं सहज शक्य होतं. नीलाने तो सरळ करून कॅमेऱ्याखाली ठेवला.

विब्रेनने चष्मा चढवला आणि शांतपणे वाचत गेला. "लाकडी पृष्ठभाग. भिंतीला चुन्याचा रंग. हात धुण्याची जागा दारापासून लांब. आणि हे काय, प्राणी." त्याने खेदाने मान हलवली. "मी स्पष्टच बोलतो. असे उद्योग पाहिले की मला त्या लोकांबद्दल आदरच वाटतो, ते मनापासून काम करतात. पण इथे संस्कृतीच बदलावी लागेल. हे चीजघर युरोपीय पातळीला यायला आठ ते दहा वर्षं लागतील."

मंत्रालयाच्या बाईंनी दहा हा आकडा लिहून घेतला.

"हे कुठलं आहे, सांगायला हरकत आहे का?" विब्रेनने विचारलं.

"नाही," स्नेझाना म्हणाली. "हे खेरितचं. तुम्ही काल दोन किलो घेतलंत."

मॅसिडोनियातला एक तरुण अधिकारी खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला, आणि दाराबाहेर त्याचं हसणं ऐकू आलं. विब्रेन लाल झाला. पण तो हरणारा माणूस नव्हता. त्याने टाळ्या वाजवल्या.

"शिकण्याचा फार सुंदर क्षण," तो म्हणाला. "यातून दिसतं की संदर्भ किती महत्त्वाचा असतो. खेरितकडे संदर्भ आहे."

"आमच्याकडे काय आहे?" स्नेझानाने विचारलं.

"तुमच्याकडे क्षमता आहे," विब्रेन म्हणाला आणि चहाची सुट्टी जाहीर केली.

शुक्रवारी अहवाल. अशा अहवालांत ठरलेले शब्द असतात: सुरुवातीची अवस्था, काही प्रमाणात तयार, मध्यम तयार, चांगले तयार. नीलाने सहाही जणांच्या चाचण्या आणि खात्याचे कागद पाहून लिहिलं होतं: चांगले तयार. दुपारी फाइल परत आली तेव्हा तिथे 'काही प्रमाणात तयार' असं होतं.

ती विब्रेनच्या खोलीत गेली. खोलीला दार नव्हतं, पारदर्शकतेसाठी.

"विब्रेन, मागच्या अहवालात तू त्यांना 'मध्यम तयार' लिहिलं होतंस. तीन वर्षांत ते मागे गेले?"

"मागे नाही. आपल्या अपेक्षा पुढे गेल्या."

"म्हणजे ते कितीही चालले तरी—"

"नीला, हे गुण नाहीत, हा प्रवास आहे." त्याने तिच्यापुढे बिस्किटांचा डबा सरकवला. "आणि विचार कर. 'चांगले तयार' लिहिलं तर पुढच्या टप्प्यात आपण त्यांना मदत कशी करणार? 'प्रिपेअर प्रो'चा प्रस्ताव सप्टेंबरात जायचाय. मी त्यांच्याच भल्याचं बोलतोय."

नीलाने पाहिलं, तो खरंच तसं समजत होता. लबाड माणसाशी भांडता येतं. याच्याशी भांडायचं म्हणजे उशीला गुद्दे मारायचे. तिने एक बिस्किट घेतलं आणि बाहेर आली.

मग ती आपल्या टेबलाशी बसली आणि दोन पानांचं मत लिहिलं. लाकडी फळ्यांवर चीज पिकवणं योग्य निगा राखली तर सुरक्षित आहे. फळ्या कशा घासायच्या, किती तास उन्हात वाळवायच्या, कोणते नमुने कधी तपासायचे. याला आधार असलेले प्रयोग. आणि शेवटी: सदस्य नसलेल्या देशाने आपल्या डोंगरातल्या लोकांना, आपल्याच बाजारासाठी, अशी परवानगी द्यायला कोणताही नियम आड येत नाही. कंपनीच्या कागदावर छापून खाली सही केली, पीएचडीसकट. विब्रेनला विचारलं नाही.

स्नेझानाने ते हॉटेलच्या दारात उभ्याने वाचलं.

"यातलं नवीन काहीच नाही," नीला म्हणाली. "हे सगळं तुम्हाला माहीतच आहे."

"मला माहीत असून काय उपयोग? मी तिथली." तिने कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. "आमच्या मंत्र्यांना हे वाखनिंगनहून आलेलं हवं. कोणी लिहिलंय ते ते बघणार नाहीत. कागदावरचं चिन्ह बघतील."

तसंच झालं. जुलैच्या मध्यावर मंत्र्यांनी परिपत्रक काढलं आणि 'नेदरलँड्सच्या तज्ज्ञांच्या शिफारशीनुसार' लाकडी फळ्यांना परवानगी दिली. वर्तमानपत्रात मंत्र्यांचा फळीला हात लावलेला फोटो आला. ते कात्रण फिरत फिरत विब्रेनकडे पोचलं.

तो रागावला नाही. त्याने नीलाला कॉफी आणून दिली आणि म्हणाला, "मी स्पष्टच बोलतो. तुझ्यातल्या ऊर्जेला वेगळी दिशा देता येईल का, असं मला वाटतं." पुढच्या सोमवारपासून नीला अंड्यांवरच्या शिक्क्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करू लागली. तिचा करार डिसेंबरपर्यंत होता. पुढे काय, ते कोणी बोललं नाही. राजानंदने मात्र एकदाही 'मी सांगितलं होतं' म्हटलं नाही; फक्त नोकऱ्यांच्या जाहिराती तिला पाठवायला लागला.

ऑगस्टमध्ये स्नेझानाचा फोन आला. चार वाडे कसेबसे तग धरून होतेच, बंद पडलेले दोन पुन्हा सुरू झाले होते. सतरा अजून बंद. तिथली माणसं व्हेन्लोला, माल्मोला, स्टुटगार्टला होती. "सहा ही काही तयारी नाही," ती म्हणाली. "पण काही प्रमाणात आहे. बघायला ये."

नीला आइंडहोवनहून स्कोपियेला गेली. दोन दिवस डोंगरात राहिली, मेंढ्यांच्या वासात झोपली, पायाला फोड आले. परतताना स्नेझानाने तिच्या हातात फडक्यात बांधलेला कश्कवालचा गोळा दिला.

"रिस्तोसाठी. तो तुला विमानतळावर घ्यायला येणार आहे."

"दुधाचे पदार्थ संघाबाहेरून आत नेता येत नाहीत," नीला म्हणाली.

"मला सांगतेस? त्या नियमाचं आमच्या भाषेतलं भाषांतर माझं आहे." आणि तिने फडक्याची गाठ आणखी घट्ट केली.

आइंडहोवनला उतरल्यावर विमानातले बहुतेक लोक बल्गेरियाचे पासपोर्ट दाखवत भराभर एका बाजूने निघून गेले. नीला दुसऱ्या रांगेत थांबली. तिथून सुटल्यावर सामानाची तपासणी. जाहीर करण्यासारखं काही नसलेल्यांना हिरव्या दाराने सरळ बाहेर जाता येत होतं. तिच्यापुढचा एक डच माणूस खांद्यावरच्या पिशवीतून सॉसेजचं टोक बाहेर आलेलं असताना शीळ घालत गेला. त्याला कोणी अडवलं नाही, आणि अडवलं असतं तरी तो घरचाच होता. नीलाला आपला अर्ज आठवला. पकडलं, दंड झाला, नोंद झाली, तर? ती लाल दाराकडे वळली आणि चीज टेबलावर ठेवलं.

अधिकारी तरुण आणि सभ्य होता. "स्वतःहून आलात, छान. कुठून आणलं?"

"उत्तर मॅसिडोनिया."

त्याने यादी पाहिली. "सदस्य नाही."

"उमेदवार आहे."

"उमेदवारांसाठी वेगळा रकाना नाही. सदस्य झाले की आणा."

"कधी होतील?"

"ते आमच्याकडे नसतं." त्याने हातमोजे चढवले आणि निळ्या डब्याचं झाकण उघडलं.

"मी हे इथे खाऊ शकते का?" नीलाने विचारलं.

तो थांबला. असा प्रश्न त्याला कोणी विचारला नसावा. त्याने आत जाऊन कोणालातरी विचारलं आणि परत आला. "इथे, रेषेच्या अलीकडे, चालेल. पलीकडे नाही. पाच मिनिटं."

नीलाने फडकं सोडलं. चाकू नव्हता, तिने हातानेच तोडलं. साल जाड होती, आत पिवळसर, आणि चावल्यावर आधी मीठ आणि मग गवतासारखं काहीतरी. तिने अधिकाऱ्याला विचारलं, घेणार का. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि नको म्हणाला, पण उरलेला गोळा डब्यात टाकण्याआधी त्याचा वास मात्र घेतला.

बाहेर रिस्तो उभा होता, बहिणीसारखाच आखूड केसांचा, गोदामाचं जाकीट घातलेला. त्याने तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"घेतलं त्यांनी?"

"हो. मी थोडं खाल्लं."

"कसं होतं?"

"खारट. चांगलं होतं."

रिस्तोने तिची बॅग उचलली. "स्नेझाना मला दर आठवड्याला विचारते, आता परत येशील का म्हणून," तो म्हणाला. "मला ऑक्टोबरपासून कायम केलंय इथे. अजून तिला सांगितलं नाही." त्याने गाडीचं दार उघडून धरलं, आणि व्हेन्लोच्या रस्त्याला लागेपर्यंत दोघंही मेंढ्यांविषयीच बोलले.